चकमा बांधव आणि संविधानातील एक शब्द



कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झाले आणि चितगावच्या डोंगरांतील सुमारे १ लाख लोक बेघर झाले. बहुतेक बौद्ध चकमा. १९६४ पासून हजारो भारतात आले. सरकारनेच त्यांना आजच्या अरुणाचलात वसवले. पुढे तेथेच ‘चालते व्हा’ अशा धमक्या आल्या. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. मग दाद कुठे मागावी? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने संविधानाचे २१ वे कलम दाखवले. त्यात ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे! राज्याला रक्षणाचा आदेश झाला. २०१५ साली तीन महिन्यांत नागरिकत्वाचा निर्णय करा, असेही न्यायालयाने सांगितले. मुदत उलटून गेली. आम्ही बुद्धजयंतीला मैत्रीवर भाषणे करतो, यांच्यासाठी साधा ठराव केला नाही. तो आज सभेपुढे ठेवीत आहोत.