निकालाच्या आधीची तयारी

(हातोद येथे दिवाळी मिलन कार्यक्रमात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही शिक्षक नाही, करिअरचे तज्ज्ञ तर मुळीच नाही. बँकेत लिपिक आहोत, कॉमर्स शिकलेलो आहोत. परंतु दरवर्षी मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत काउंटरच्या पलीकडे जे पालक हातात पिशवी घेऊन उभे राहतात, त्यांच्याकडे पाहून जे कळले तेवढेच आज सांगणार आहोत.

मागे एका जुलैत आपल्याच बाजूचे एक गृहस्थ आले. मुलाला इंजिनिअरिंगला जागा मिळालेली, फी भरायला पाच दिवस. कर्जाचा अर्ज करायला बसलो आणि एकेक कागद बाहेर निघू लागला. दहावीच्या अंकसूचीत मुलाचे नाव आणि आडनाव. आधारमध्ये मध्ये वडिलांचे नाव. समग्र आयडीत घरातले लाडाचे नाव. वडिलांचे नाव जमिनीच्या खसऱ्यात एक, पासबुकात दुसरे. उत्पन्नाचा दाखला काढलेलाच नव्हता. पाच दिवसांत यातले काय होणार? त्यांनी शेकडा दोन महिना अशा दराने बाहेरून पैसे उचलले. म्हणजे वर्षाला चोवीस. मुलगा हुशार, कॉलेज चांगले, बापाची नियत साफ, आणि तरीही हे झाले. चूक जुलैत झाली नव्हती, ती मुलगा नववीत असतानाच झाली होती.

आपल्या मराठी घरांत ही अडचण जास्त येते, कारण आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही लिहितो आणि इथले फॉर्म बहुधा नाव व आडनाव एवढेच मागतात. शाळेत नाव घालताना आजोबा एक लिहितात, लसीच्या कार्डावर आई दुसरे. मध्य प्रदेश बोर्डाचे नामांकन नववीत भरले जाते. त्यात जे नाव गेले तेच दहावीच्या अंकसूचीवर येते आणि जन्मभर तेच चालते. म्हणून नववीच्या पालकांना आमची हात जोडून विनंती आहे की तो फॉर्म पोरावर सोडू नका. स्वतः शाळेत जा, अक्षर न् अक्षर वाचा, आधार आणि समग्र यांच्याशी ताडून पाहा. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हेही पाहा. पुढे तीच वेलांटी दुरुस्त करायला शपथपत्र लागते.

मूल निवासी, उत्पन्न आणि जातीचा दाखला यांसाठी तहसीलमध्ये लोकसेवा केंद्र आहे. आपल्यातले पुष्कळ लोक अजून ओळखीचा बाबू शोधतात. त्याची गरज नाही. लोकांना सेवा मिळण्याचा हक्क देणारा कायदा देशात सर्वांत आधी आपल्या मध्य प्रदेशाने केला, २०१० साली. त्यात ठरलेल्या सेवांना ठरलेली मुदत आहे. मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते, आणि कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु हे सगळे पावतीवर चालते. अर्ज केला आणि पावती घेतली नाही तर तुम्ही अर्ज केलाच नाही असे समजा. हा हक्क आपण मतदार म्हणून मिळवलेला आहे, तो वापरत नाही हा दोष आपला.

आता एक नाजूक विषय. आपल्याकडे बारावी झाली की घरात पहिला शब्द निघतो तो पुणे. आत्या पुण्याला, मामा पुण्याला, शिवाय मराठी वातावरण. आम्हालाही पुणे आवडते. पण हे समजून घ्या की होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या कुटुंबाचा मुलगा महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत परराज्यातला ठरतो. दहावी-बारावी इथून केलेल्या आपल्या मुलाला तिथल्या इंजिनिअरिंगला साधारणपणे जे.ई.ई. मेनच्या गुणांवर, अखिल भारतीय जागांतूनच यावे लागते. कर्नाटक सीमेवरील ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्राने वेगळी सवलत दिलेली आहे, आणि ती योग्यच आहे. माळव्यातल्या मराठी मुलाला तशी सवलत नाही. मराठी बोलतो एवढ्याने राज्याचा मूळ रहिवासी होता येत नाही.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. १९९० साली सर्वोच्च न्यायालयात मर्री चंद्रशेखर राव यांचा खटला गेला होता. वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच आंध्रातून मुंबईत आलेला विद्यार्थी. आंध्रातल्या अनुसूचित जमातीच्या दाखल्यावर त्याने महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाची राखीव जागा मागितली. न्यायालयाने सांगितले की एका राज्यातला तो दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप बरोबर जात नाही. म्हणून इथला दाखला घेऊन तिथल्या राज्याच्या राखीव जागेवर डोळा ठेवू नका. बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी मुलांसाठी काही जागा असाव्यात ही मागणी मंडळाने जरूर करावी, निवेदने द्यावीत, आम्ही पहिली सही करू. परंतु मागणी मान्य होईल या आशेवर कुणी आपल्या पोराचे वर्ष लावू नये.

उलट इथला मूल निवासी असण्याचा जो फायदा आहे तो आपण पुरता घेत नाही. २०१७ पासून मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे. मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत ७० टक्के किंवा सी.बी.एस.ई.त ८५ टक्के असले आणि कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत असले, तर ठरलेल्या अभ्यासक्रमांची फी सरकार भरते. उत्पन्नाची मर्यादा आणि अभ्यासक्रमागणिक असलेल्या अटी फॉर्म भरताना नव्याने वाचाव्यात. ६९ टक्के पडून ही योजना हुकलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना बारावीत असताना ७० हा आकडा कुणी सांगितलाच नव्हता! आसपासच्या खेड्यांतल्या मुलींसाठी २००५ पासून ‘गाँव की बेटी’ आहे. बारावीत प्रथम श्रेणी आणि पुढे कॉलेजात प्रवेश असल्यास महिना ५०० रुपये, वर्षात दहा महिने. रक्कम मोठी नाही. पण हातोदला रोज येणाऱ्या मुलीचा बसचा खर्च त्यातून निघाला तर ‘बसला पैसे कुठून आणायचे’ हे शिक्षण थांबवण्याचे कारण उरत नाही.

सरकारी पैसा घेताना अट वाचावी. आपल्याच जिल्ह्यात, महूला, १८९१ साली बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. तिला करार होता, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा. आजही वैद्यकीयच्या मुलांना ग्रामीण सेवेचे बंधपत्र द्यावे लागते. अट वाईट असते असे नाही, पण सही करणाऱ्या मुलाला ती ठाऊक असावी.

आता आमच्या रोजच्या कामाचा विषय, म्हणजे कर्ज. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला गहाण मागायचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. साडेसात लाखांपर्यंत सरकारची हमी योजना २०१५ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तिच्या यादीतल्या नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला तर गहाण नाही, जामीनदार नाही, आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात तीन टक्के सवलत. म्हणून कॉलेज निवडताना ते त्या यादीत आहे का हे आधी पाहा. रंगीत पुस्तिका नंतर पाहा.

व्याजाचा हिशेब मात्र घरी कुणी करत नाही. तो आज इथेच करू. समजा चार वर्षांचा कोर्स, दरवर्षी दीड लाख, एकूण सहा लाख, दर शेकडा दहा. कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण व्याज चालूच असते. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४५ हजार, चौथ्यावर ३० हजार. साधे व्याज धरले तरी २ लाख १० हजार झाले. हप्ता सुरू होतो तेव्हा देणे ८ लाख १० हजार असते, आणि दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १०,७०० रुपये. तेच व्याज चालू काळात भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना १,२५०, चौथ्या वर्षी ५,०००, आणि नंतरचा हप्ता ८,००० च्या आत. दुधाचे पैसे येणाऱ्या घराला पहिली दोन वर्षे हे जड जाऊ नये. आणि हे करण्याआधीच बिघाभर जमीन काढणारे लोक आहेत! सुपर कॉरिडॉरमुळे भाव आला आहे, दलाल दाराशी उभा आहे, सगळे खरे. पण फीसाठी विकलेला बिघा परत घेता येत नाही, हे विकण्यापूर्वी एकदा बँकेत येऊन बोला.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याशी बोलायचे राहिलेच. अकरावीचा विषय मित्राने घेतला म्हणून घेऊ नका. गणित सोडले की कोणती दारे बंद होतात ते सोडण्याआधी विचारा. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. इंदूरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा आहे आणि पीथमपूरचे कारखाने लांब नाहीत. आय.टी.आय. म्हटले की आपल्या घरांत तोंड वाकडे होते. ते का, आम्हाला समजलेले नाही. शेतकऱ्यांच्या मुलांनी शेतीचा विषय कमी का मानावा? ज्या कंपोस्ट खताला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती इथेच, १९२४ साली स्थापन झालेल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवली. देशाची सोयाबीन संशोधन संस्थाही इंदूरलाच आहे. आपण सोयाबीन पिकवतो, पण त्या संस्थेत काय चालते ते पाहायला कधी गेलो आहोत का?

कुणी नापास झाले तर वर्ष संपले असे धरू नका. २०२५ पासून बोर्डाने पुरवणीऐवजी दुसरी परीक्षा सुरू केली आहे. निकालाच्या दिवशी घरच्यांनी जेवणाचे ताट वेळेवर वाढावे, हिशेब दुसऱ्या दिवशी करावा.

मराठीबद्दल एक गोष्ट, आणि ही पोटापाण्याची आहे. बँकेतल्या लिपिकाच्या भरतीत ज्या राज्याच्या जागेसाठी अर्ज करता तिथली भाषा वाचता, लिहिता, बोलता यावी लागते. म्हणजे आपल्या पदवीधर मुलाला मध्य प्रदेशासाठी हिंदी चालते आणि मराठी नीट येत असेल तर महाराष्ट्रातल्या जागांचा मार्गही मोकळा असतो. प्रवेशाच्या वेळी जे पुणे परके वाटते ते इथे आपले होऊ शकते. पण आपली मुले मराठी बोलतात, लिहीत नाहीत. देवनागरी येतेच, त्यामुळे ‘ळ’ आणि दोन-चार सवयी एवढेच शिकायचे उरते. मंडळाने रविवारी तासभराचा वर्ग चालवावा. वर्गणीतून सजावटीचा खर्च थोडा कमी करून हे होईल, असे आम्ही कार्यकारिणीलाही सांगितले आहे. अजून उत्तर आलेले नाही.

आणि नगर परिषदेसाठी मते मागायला जे दादा-भाऊ येतील, त्यांना नालीबरोबर एवढेही विचारा. निकालानंतरचा महिनाभर हातोदात प्रवेश आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म समजावणारा माणूस बसवाल का? इंदूरला कॉलेजात जाणाऱ्या मुलींना संध्याकाळी परत आणणारी बस वेळेवर येईल का? भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये फी भरू शकणाऱ्याला हे सगळे सांगणारे भेटतात. वीस-बावीस किलोमीटर अलीकडे राहणाऱ्याला भेटत नाहीत.

पुढचे दोन रविवार सकाळी दहा ते बारा आम्ही याच सभागृहात बसू. नववी आणि दहावीच्या पालकांनी आधी यावे. आधार, समग्र आयडी, शाळेचा दाखला, वडिलांचे पासबुक आणि जमीन असल्यास खसऱ्याची नक्कल, मूळ प्रत आणि एक झेरॉक्स. मुलाला बरोबर आणावे. नाव त्याचे आहे, ते कसे लिहिले आहे हे त्यानेही पाहावे.