बंद झालेल्या संचांच्या शोधात



एखादी वस्तू बाजारातून नाहीशी झाली म्हणजे बहुधा तिची गरज सरली असे आपण समजतो आणि तिच्यासाठी हळहळत बसत नाही. परंतु काही वस्तू जाताना आपल्याबरोबर थोडी विद्याही घेऊन जातात. वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती आपल्या हातांनी जोडण्याचे संच हे अशांपैकीच होत. नोकरीनिमित्त दिल्लीत राहत असताना गेली काही वर्षे मी या बंद झालेल्या संचांचा माग काढीत आलो आहे. त्या शोधाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

संच म्हणजे नेमके काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. पुठ्ठ्याच्या पेटीत प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेदीडशे सुटे भाग, नावाच्या आणि क्रमांकाच्या चिकटवावयाच्या पट्ट्या आणि एक घडीची सूचनापत्रिका. भाग कापावयाचे, घासावयाचे, क्रमाने जोडावयाचे. तयार खेळणे रुळावर धावते. संच मात्र सिलिंडर कोठे बसतो, दट्ट्याची गती चाकापर्यंत कशी पोहोचते आणि ही दांडी त्या दांडीला का जोडलेली आहे, हे बोटांना शिकवतो.

इंग्लंडमध्ये बाहुल्या बनविणाऱ्या रोझबड या कंपनीने १९५९ साली 'किटमास्टर' नावाने असे संच काढण्यास प्रारंभ केला. स्टीफन्सनच्या 'रॉकेट'पासून अगदी अद्ययावत इंजिनांपर्यंत अनेक नमुने तिने तीन-साडेतीन वर्षांत बाजारात आणले. १९६२ साली हा व्यवसाय एअरफिक्स कंपनीकडे गेला. तिने त्यातले निवडक संच पुन्हा काढले, बाकीचे कायमचे थांबले. पुढे उरलेले साचे डॅपोल या कंपनीच्या हाती आले. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, संचाचे आयुष्य पेटीत नसून साच्यात असते. पोलादी साचा घडविण्याचा खर्च मोठा. हजारो पेट्या खपल्या तरच तो भरून निघतो. खप मंदावला की साचा कोपऱ्यात पडतो, गंजतो, मोडीत जातो. आणि मग जगात जेवढ्या पेट्या उरल्या असतील तेवढ्याच.

त्या शोधावयाच्या कोठे? दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा जुना पुस्तकबाजार प्रसिद्ध होता. २०१९ साली तो महिला हाटच्या आवारात हलविण्यात आला. तेथे पेटी क्वचितच मिळते. परंतु जुनी इंग्रजी मासिके मिळतात आणि त्यांतील जाहिरातींवरून कोणता संच केव्हा निघाला याचा पत्ता लागतो. एकदा रद्दीच्या गठ्ठ्यात मला केवळ सूचनापत्रिका सापडली, संच नव्हता. पण पत्रिका हाती असली म्हणजे पुढे मिळणाऱ्या अर्धवट पेटीत काय उणे आहे ते ताडून पाहता येते. पेटीवरचे सुंदर चित्र पाहून भुलू नये. चौकटीवरचे भाग क्रमांकाने मोजावेत. चिकटपट्ट्या बहुधा पिवळ्या पडलेल्या असतात, त्या नव्याने करता येतात. बारीक दांड्या ठिसूळ होऊन मोडतात, त्या पितळी तारेतून घडविता येतात. चाके मात्र सर्व असावीत.

या संचांत 'बेयर-गॅरेट' इंजिनाचा एक संच होता. एअरफिक्सने तो पुन्हा काढला नाही, म्हणून त्याला शोधकांत विशेष मान. गॅरेटची रचना विलक्षण आहे. पुढे एक आणि मागे एक अशा दोन स्वतंत्र गाड्यांवर चाके व सिलिंडर बसविलेले असतात आणि त्या दोहोंच्या मध्ये, पुलासारख्या तुळईवर, बॉयलर टांगलेला असतो. त्यामुळे एवढे अजस्र यंत्र वळणावर सहज वाकते. हे पत्रिकेवरील चित्रावरून नीट उमगत नाही. दिल्लीकराचे भाग्य असे की त्याला ते प्रत्यक्ष पाहता येते. चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात बंगाल-नागपूर रेल्वेचे ८१५ क्रमांकाचे गॅरेट उभे आहे. मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्यात घडलेले, सोळा जोडचाकांचे. संचातील इंजिन विलायती रेल्वेचे, आकाराने लहान. परंतु तत्त्व तेच. त्या तुळईखाली वाकून पाहिले म्हणजे संचातील कोडे सुटते.

येथेच एक प्रश्न मनात येतो. विलायतेत वाफेचे शेवटचे सरकारी इंजिन १९६० साली स्विंडन येथे तयार झाले. त्याचे नाव 'इव्हनिंग स्टार', म्हणजे सायंतारा. त्याचा संचही निघाला आणि मुलांनी तो घरोघर जोडला. आपल्या चित्तरंजन कारखान्याने १९५० ते १९७२ या काळात वाफेची २,३५१ इंजिने घडविली. ब्रॉडगेजवरचे शेवटचे १९७० साली बाहेर पडले, त्याचे नाव 'अंतिम सितारा'. दोन देशांना निरोपाच्या वेळी एकच कल्पना सुचावी, हे मनोरम आहे. परंतु अंतिम सिताऱ्याचा संच मला कोणत्याही दुकानात, कोणत्याही यादीत आढळला नाही.

समजा, भारतीय इंजिनाची प्रतिकृती करावयाची ठरविली, तर रुळापासूनच अडचण. युरोपातील प्रचलित रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचा. सत्त्याऐंशीपट लहान केला की तो साडेसोळा मिलिमीटर होतो आणि तयार मिळतो. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. त्याच प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो, तो कोणी विकत नाही. मात्र पंढरपूरच्या वारकऱ्यांना नेणारी आपली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांची, म्हणजे ७६२ मिलिमीटरची होती. लहान केल्यावर ती पावणेनऊ मिलिमीटर भरते आणि बाजारातील नऊ मिलिमीटरच्या रुळावर अगदी शोभून दिसते. पुण्यात भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मराठी माणसाच्या हातून या क्षेत्रात काय होऊ शकते हे सांगावयास नको.

संच नाही, तर आराखडा हवा. आणि आराखड्याची स्थिती संचाहून नाजूक आहे, कारण त्याच्या हजारो प्रती कधीच नव्हत्या. मायकेल सॅटो या इंग्रज गृहस्थांनी १९६२ साली पतियाळाच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आवारातील भंगारात तेथील एकरुळी आगगाडीचे अवशेष शोधून काढले. ती गाडी १९२७ सालीच बंद पडली होती. अमृतसरच्या कारखान्यात तिचा जीर्णोद्धार झाला आणि आज ती चाणक्यपुरीत आहे. लोखंड पस्तीस वर्षे भंगारात तग धरून राहिले. कागद तसा राहत नाही. वाळवी, पावसाळा आणि 'जुने अभिलेख निकालात काढावेत' असा एक शेरा, एवढे त्याला पुरते. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माझ्यासारख्याला त्या शेऱ्याचे सामर्थ्य ठाऊक आहे.

आज मात्र एक सोय अशी आहे की जी १९६२ साली नव्हती. संगणकावर आकृती तयार असेल तर पोलादी साच्यावाचून, थर चढवीत जाणाऱ्या मुद्रणयंत्रातून, दहा-वीस भागही घडविता येतात. हजारो गिऱ्हाइकांची अट सुटली आहे. मापांची अट सुटलेली नाही. दिल्लीपासून जवळच रेवाडीला १८९३ सालच्या शेडमध्ये वाफेची इंजिने जतन केली आहेत. तेथे फीत घेऊन बाहेरची मापे घेता येतील. परंतु बॉयलरच्या आतले आणि झडपांच्या वेळेचे गणित आराखड्यावाचून कळणार नाही.

म्हणून परळ, भुसावळ, कुर्डुवाडी येथील रेल्वे कामगारांच्या घरांतील श्रोत्यांना माझी विनंती आहे. आजोबांच्या ट्रंकेत निळ्या कागदाची एखादी गुंडाळी, तेलाचे डाग पडलेली एखादी पुस्तिका असेल, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी उलगडून पाहावी, तिचे छायाचित्र घ्यावे आणि शक्य तर ती एखाद्या संग्रहालयाच्या स्वाधीन करावी. बंद झालेला संच पैसे मोजून कधी ना कधी मिळतो; आराखडा मात्र गेला की गेलाच.