सेवा, न्याय आणि समावेश : ख्रिस्ती समाजाचा अनुभव आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महाकारुणिक तथागत बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो.

शांती, न्याय आणि समावेश यांसाठी ख्रिस्ती समाजाने काय केले, हा विषय आम्ही सुचविला, तेव्हा मंडळाच्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "साहेब, आपल्या विहारात चर्चचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. आम्ही काही धर्मशास्त्राचे पंडित नाही. कला शाखेची पदवी घेतलेले आणि बँकेच्या काउंटरवर बसून पोट भरणारे साधे कारकून आहोत. परंतु या प्रश्नाचे उत्तर आपल्या खिशातल्या जातीच्या दाखल्यापर्यंत येऊन पोहोचते, असे आमच्या ध्यानात आले. म्हणून आपण थोडा धीर धरून ऐकावे, ही विनंती.

प्रथम ज्यांचे ऋण आहे ते मान्य करू. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे काम सुरू केले. तेथील फॅरारबाईंची मुलींची शाळा महात्मा जोतीराव फुले यांनी पाहिली होती. जोतीराव स्वतः पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ज्या काळी आपल्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या ओट्यावरही कोणी बसू देत नव्हते, त्या काळी या मंडळींनी पाटी-पेन्सिल हाती दिली. आपल्या वऱ्हाडातही १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसे अन्नावाचून पटापट मेली, तेव्हा अकोला-खामगावकडे मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला. परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी मिशनचा दवाखाना उभा राहिला. ज्याला सख्खा भाऊ शिवत नव्हता, त्याच्या जखमा तेथे परक्या माणसांनी धुतल्या. ही सेवा खरी आहे. तिला हिणविणे आपल्या धम्माला शोभणार नाही. आजाऱ्याची शुश्रूषा भगवंतांनी स्वतः केली होती, हे आपण विसरू नये.

परंतु मित्रहो, सेवा आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखमेला मलम लावणे ही सेवा, आणि जखम करणारा हात धरणे हा न्याय. आपल्याच तालुक्यात ऋणमोचनला संत गाडगेबाबांनी घाट बांधला, आंधळ्या-पांगळ्यांना अन्नवस्त्र दिले, ही सेवा झाली. १९२७ साली अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला आणि त्यासाठी भरलेल्या परिषदेला बाबासाहेब अध्यक्ष म्हणून आले, ती न्यायाची मागणी झाली. समाजाला दोन्ही हवेत. पण सेवा करणाऱ्याला हार घालतात, आणि न्याय मागणाऱ्याला दगड पडतात.

हाच भेद बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजापुढे स्पष्ट मांडला होता. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला भारतीय ख्रिस्ती लोकांच्या सभेत त्यांचे भाषण झाले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्या मनाची पकड घेतली आहे, असे त्यांनी तेथे प्रेमाने सांगितले, आणि मग चुकाही परखडपणे दाखविल्या. दक्षिणेत चर्चमध्येच जातिभेद पाळला जातो, हा एक दोष. राजकारणाकडे ख्रिस्ती समाजाने पाठ फिरविली आहे, हा दुसरा. त्यांनी दिलेले उदाहरण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. अस्पृश्य मुलाला शाळेत शिष्यवृत्ती मिळते. तोच मुलगा ख्रिस्ती झाला की ती बंद होते, जरी घरची गरिबी जशीच्या तशी असते. याविरुद्ध तुम्ही एकत्र येऊन का लढत नाही, असा त्यांचा सवाल होता. पुढे त्यांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर लेखन केले. ते त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आले आहे. शाळा आणि दवाखाने पुष्कळ काढले, पण आपल्यातील दलिताच्या अन्यायाविरुद्ध समाज म्हणून ठामपणे उभे राहिले नाहीत, हे त्यांचे दुखणे होते.

मग धर्मसंस्था न्यायासाठी उभीच राहू शकत नाही काय? राहू शकते. जगाच्या इतिहासात दाखले आहेत.

अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरी बसमध्ये काळ्या लोकांना गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईने उठण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरला बसवर बहिष्कार सुरू झाला. त्याचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग हे एका चर्चचे तरुण पाळक होते. सभा चर्चमध्ये, वर्गणी चर्चमध्ये, आणि लोकांना कामावर नेणाऱ्या मोटारीही चर्चच्या नावावर. मोलकरणी आणि मजूर ३८१ दिवस पायी चालले, पण बसमध्ये चढले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी हा बहिष्कार विजयी होऊन संपला. आपल्या जिल्ह्यात वलगावजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला, ती हीच तारीख. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपण नागपुरात नवा जन्म घेतला होता आणि ६ डिसेंबरला आपला बाप गमावला होता. दोन खंडांत दोन पददलित समाज एकाच वर्षी ताठ उभे राहिले. मात्र तेथेही सगळे चर्च सोबत नव्हते. १९६३ साली किंग यांनी तुरुंगातून पत्र लिहिले, ते त्यांना सबुरीचा उपदेश करणाऱ्या गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होते.

शांतीचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. नागालँडमध्ये सरकार आणि बंडखोर यांच्यात वर्षानुवर्षे रक्तपात चालला होता. १९६४ साली तेथील बॅप्टिस्ट चर्चने पुढाकार घेऊन शांतिमंडळ नेमले. त्यात जयप्रकाश नारायण यांना बोलाविले, आसामचे मुख्यमंत्री चलिहा यांना बोलाविले, आणि मायकेल स्कॉट या इंग्रज पाद्र्यालाही. त्याच वर्षी सप्टेंबरात शस्त्रसंधी झाली. प्रश्न सगळा सुटला नाही, हेही खरे. पण बंदुका बोलत असताना दोन्हीकडच्यांना एका सतरंजीवर बसविणारे कोणीतरी लागते, ते काम चर्चने केले. २०२१ च्या नोव्हेंबरात अमरावतीत दंगल होऊन संचारबंदी लागली, तेव्हा रोजमजुरीवर जगणाऱ्याची चूल कशी विझते, हे आपण पाहिले आहे. अशा वेळी बोलाविण्याची वाट न पाहता उभी राहणारी संस्था गावोगावी हवी.

आणि आपल्या महाराष्ट्रात वसई आहे. जमिनींना सोन्याचा भाव आला, टँकर विहिरी उपसू लागले, बिल्डर आणि गुंड यांचे राज्य सुरू झाले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हा धर्मगुरू वेदीवरून खाली उतरून रस्त्यावर आला. हरित वसई संरक्षण समितीच्या त्या आंदोलनात ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. 'सुवार्ता' मासिकाचे हे संपादक २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. प्रार्थना करणाऱ्याने पाण्याचा आणि जमिनीचा प्रश्न विचारला, म्हणून लोकांनी त्यांना आपले मानले.

आता चर्चच्या आतील बाजू पाहू. ती पाहताना आपले मनही तपासत राहू या. बाबासाहेबांनी दाखविलेला दोष पुसला गेला नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला ख्रिस्ती कब्रस्तानातही दलितांचे आणि इतरांचे मुडदे वेगळे ठेवणारी भिंत होती. मेल्यावरही जात सुटली नाही. परंतु याविरुद्ध आवाजही आतूनच उठला. अरविंद निर्मल या मराठी धर्मपंडितांनी १९८१ साली बंगलोरच्या धर्मविद्यालयात भाषण करून, दलितांच्या दुःखातून धर्माचा विचार झाला पाहिजे, असे मांडले. त्यातून दलित ईश्वरविद्या नावाची विचारधारा उभी राहिली. २०१६ च्या डिसेंबरात भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण छापून प्रसिद्ध केले, आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे त्यात कबूल केले. देशातील सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत, असे त्यात म्हटले होते. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले दलित. इतक्या शतकांनंतर पहिले! तरीही आपल्या घरातला रोग स्वतः छापून जाहीर करायला धैर्य लागते.

येथे आम्ही त्या दाखल्याकडे येतो. १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींविषयी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यात अट होती की, हिंदू धर्म सोडून अन्य धर्माचा मनुष्य अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली शीख जोडले गेले. आपण मात्र बाहेरच राहिलो. महाराष्ट्राने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या दारात आपल्याला ३४ वर्षे उभे राहावे लागले. दाखल्यावर 'बौद्ध' लिहावे तर नोकरी जाते, 'महार' लिहावे तर दीक्षा जाते, हा पेच आमच्या वडिलांच्या पिढीने भोगला. अखेर १९९० साली कायदा बदलला आणि बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेर राहिले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली नाही. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी, अशी शिफारस केली. २०२२ साली याच प्रश्नावर न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला.

समजा, आपल्या तालुक्यातील एका घरचे दोन सख्खे भाऊ होते. छप्पनच्या दुष्काळात एक मिशनच्या अनाथाश्रमात वाढून ख्रिस्ती झाला. दुसऱ्याच्या मुलाने पुढे दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला. आज त्यांचे पणतू शेजारी-शेजारी राहतात. आडनाव एक, खारपाणपट्ट्यातले खारट पाणी एक, गावाच्या तोंडातली शिवीही एक. पण एकाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, दुसऱ्याची गणना इतर मागासवर्गात होते. एकाला शिवी दिली तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. दुसऱ्याला तो लागू नाही. शिवी देणारा मनुष्य धर्म विचारून शिवी देत नाही. धर्म विचारतो तो फक्त कायदा.

काही बंधू म्हणतील, "त्यांना घेतले तर आपला वाटा कमी होईल." ही भीती खोटी म्हणता येणार नाही, गरिबाच्या पोराला एकेका जागेची किंमत कळते. पण आठवा, १९९० पूर्वी आपल्याविषयीही हेच बोलले जात होते. लोकसंख्या वाढली तर टक्केवारीही त्या प्रमाणात वाढवा, ही मागणी दोघांनी मिळून करता येते. दुसरे कोणी म्हणतील, "ख्रिस्ती धर्मात जातच नाही, मग सवलत कशाला?" बंधूंनो, बुद्ध धम्मात तरी जात कोठे आहे? जात धर्मग्रंथात नसली तरी गावाच्या मनात असते, याच आधारावर आपण आपला हक्क मिळविला. तोच आधार दुसऱ्याला नाकारणे हे बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्याला शोभेल काय?

शेवटी आपल्या विहाराविषयी. चर्चमधील भिंतीवर आपण बोट ठेवले, पण आपल्या सोयरिकीच्या बैठकीत बावणे, लाडवण, कोसरे हे शब्द अजून कानावर येतात. मातंग, चर्मकार, भटक्या-विमुक्तांची मुले आपल्या अभ्यासिकेत येऊन बसतात काय, की पाटी वाचूनच परत जातात? वर्षावासात ग्रंथवाचनाला बसणाऱ्यांत आया-बहिणी अधिक असतात, मग कार्यकारिणीत त्या किती आहेत? बिशपांनी जे छापून मान्य केले, ते आपण निदान आपल्या वार्षिक सभेत बोलू तरी शकतो.

म्हणून मंडळापुढे आम्ही नम्रपणे तीन सूचना ठेवतो. मंडळाच्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना कधीही नसावा. अभ्यासिका सर्व जातिधर्मांच्या गरीब विद्यार्थ्यांना खुली आहे, असे दारावर ठळक लिहावे. आणि ख्रिस्ती व मुस्लिम दलितांना अनुसूचित जातींत घ्यावे, तसेच आरक्षणाची टक्केवारी त्या प्रमाणात वाढवावी, असा ठराव पुढील सर्वसाधारण सभेत मांडावा. ठरावाचा मसुदा लिहून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

विद्यार्थी मित्रहो, १९३८ साली सोलापुरात बाबासाहेबांनी एका शिष्यवृत्तीचा प्रश्न विचारला होता. ती आपल्या मुलाची नव्हती, ख्रिस्ती झालेल्या मुलाची होती. तरी त्यांना ती आपली वाटली. त्या प्रश्नाला आजवर पुरते उत्तर मिळालेले नाही. ते उत्तर मागणाऱ्यांच्या रांगेत भातकुलीचेही नाव असावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.

जयभीम! नमो बुद्धाय!