फळ्यावरचे कोडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या दारातल्या फळ्याविषयी मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली आहे. त्यावर रोज सकाळी मी एक दिनविशेष आणि एक कोडे लिहिते. आठवड्यातून एकदा डोळ्यांना चकविणारे एखादे चित्रही काढते. मध्यंतरी सभेत असा विचार निघाला, की हा पोरखेळ आता पुरे. त्या जागी शिवणवर्गाच्या वेळा आणि वर्गणीची थकबाकी लिहावी. थकबाकी पुष्कळ आहे हे मला मान्य आहे! निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. त्याआधी फळ्याची बाजू ऐकून घ्यावी, एवढीच विनंती.

दिनविशेषाचे प्रथम सांगते. ९ सप्टेंबर आला की मी नंदुरबार लिहिते. १९४२ साली त्या दिवशी शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा तिरंगा हातात घेऊन गोळीबारात पडला. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही मुलेही त्याच दिवशी गेली. आपण इथून गाडीत बसलो की थोड्याच वेळात नंदुरबारला उतरतो. पण ही पाच नावे न अडखळता सांगणाऱ्या आपल्यात किती निघतील?

बहिणाबाई चौधरींची जन्मतारीख लिहिताना मात्र मोठी मौज झाली. पुष्कळ ठिकाणी २४ ऑगस्ट १८८० ही तारीख छापलेली आढळते आणि त्यापुढेच ‘नागपंचमी’ असेही असते. चंद्राचा हिशेब मागे नेला तर १८८० सालची नागपंचमी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येते. म्हणजे तीथ खरी तर तारीख चुकली, तारीख खरी तर तीथ! मी फळ्यावर दोन्ही लिहिल्या आणि खाली प्रश्न टाकला, की कुणाचे ऐकावे? जुन्या बायकांनी एकमुखाने तिथीच्या बाजूने कौल दिला. आसोद्याच्या घरात त्या काळी इंग्रजी तारीख कोण लक्षात ठेवणार, हा त्यांचा मुद्दा मला पटला. बहिणाबाईंना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली, त्या गेल्यानंतर.

चित्रांचे थोडक्यात सांगते. सारख्या लांबीच्या दोन रेघा काढायच्या. एकीच्या टोकांना बाहेर उघडणारे फाटे द्यायचे, दुसरीच्या टोकांना आत वळणारे. पहिली रेघ हटकून लांब दिसते. म्युलर-लायर नावाच्या जर्मन गृहस्थाने १८८९ साली हे प्रसिद्ध केले. आपण ते रांगोळीने अंगणात काढले, तेव्हा एका आजींनी लुगड्याचा काठ धरून दोन्ही रेघा मापल्या आणि म्हणाल्या, “दोन्ही सारख्याच शेतस!” मापल्यावरही पहिली लांबच दिसत होती, ही तर खरी गंमत. तसाच उगवतीचा चंद्र. कोजागरीला तो परातीएवढा वाटतो, पण हात लांब करून तुरीचा एक दाणा समोर धरावा. उगवतीला आणि माथ्यावर आल्यावर तो तेवढ्याच दाण्याआड झाकतो. मोठा होतो तो आपल्या मनात.

आता कोड्यांकडे येते, कारण माझे खरे म्हणणे तिथेच आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापला, असे त्यात कोरलेले आहे. म्हणजे गणिताचा हा वारसा आपल्या खानदेशातला. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त उदाहरणे जागोजाग एका मुलीला उद्देशून घातली आहेत. ती त्यांची कन्या होती आणि घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती सांगितली आहे फैजीने, १५८७ च्या फारसी भाषांतरात. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. मला ती गोष्ट फारशी आवडतही नाही. लीलावती म्हटले की आपल्याला तिचे मोडलेले लग्न आठवते, तिने सोडविलेले एकही गणित आठवत नाही.

म्हणून तिचे एक गणित मी फळ्यावर घातले. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात वर आहे. वाऱ्याने ती कलली आणि देठापासून दोन हातांवर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल?

दोन दिवस कुणी फळ्याकडे फिरकले नाही. “गणित म्हणजे पुरुषांचे काम,” असे एकदोघी बोलूनही गेल्या. तिसऱ्या दिवशी आपल्यातल्या एक बाई आल्या. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. मिरच्यांच्या हंगामात त्या देठ खुडायच्या कामाला जातात. त्यांनी अंगणात पाण्याची आडवी रेघ ओढली. कळीची उभी रेघ काढून तिचे टोक अर्धा हात वर घेतले आणि पाण्याच्या रेघेवर दोन हातांवर एक खूण केली. मग उभी रेघ खाली वाढविली आणि दोरीचे एक टोक तिच्यावर सरकवीत राहिल्या. देठ तोच, म्हणजे तळापासून कळीही तेवढीच लांब आणि खूणही तेवढीच लांब, एवढाच त्यांचा विचार. दोन्हीकडे दोरी सारखी पुरली तिथे खडा ठेवला आणि खोली मापली : पावणेचार हात! भास्कराचार्यांचे उत्तर हेच आहे. त्यांना सूत्र ठाऊक नव्हते. देठाची लांबी बदलत नाही, हे मात्र पक्के ठाऊक होते.

त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारले, “बाई, पुढचं कोडं लिहाल तेव्हा जरा मोठ्या अक्षरात लिहा, मला स्वतः वाचायचं आहे.” तेव्हापासून मी अक्षर मोठे काढते, म्हणून फळ्यावर जागा उरत नाही. थकबाकीसाठी दुसरा फळा घ्यावा, असा ठराव मी मांडणार आहे. त्याचा खर्च मी माझ्या वर्गणीबरोबर भरीन.

सोमवारचे कोडे आजच सांगून ठेवते, तेही लीलावतीचेच. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला. मोराने त्याच्यावर सरळ झेप घेतली. दोघांची चाल सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडली? अंगण झाडून ठेवलेले आहे, आणि दोरी खिडकीत आहे.