एक्केचाळीस साड्या



"तुझ्या छंदाबद्दल दहा मिनिटं बोल," असा संयोजकांचा निरोप आला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण त्यावर दहा मिनिटं ऐकायची इथे कुणाची तयारी दिसत नाही. तेव्हा गोधडीबद्दल बोलते.

आपला कार्यानुभवाचा तास आठवतो ना? आइसक्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड, फुटक्या बांगड्यांची तोरणं, करवंटीची कसलीशी बाहुली. गुण मिळाले की सगळं माळ्यावर. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणायचो, पण बहुतेकदा टाकाऊतून टाकाऊच व्हायचं, वर डिंक वाया. त्यातली एकच गोष्ट माझ्याजवळ राहिली, ती म्हणजे शिवणाच्या बाईंनी शिकवलेला धावदोरा. बाईंनी तो मुलांनाही शिकवला होता. मागच्या रांगेत जे हसताहेत, त्यांच्या शर्टाची बटणं घरी कोण लावतं ते चहाच्या वेळी विचारणार आहे.

माझी आई 2021 मध्ये गेली. तिच्या कपाटात एक्केचाळीस साड्या होत्या. आपल्या लहानपणी मुलुंडच्या चाळींतून दुपारी बोहारीण यायची. दोन साड्या, एक पँट आणि तासभर घासाघीस झाली की घरात स्टीलचा डबा यायचा. आता सोसायटीच्या फाटकावरून तिला आत सोडत नाहीत. भाऊ म्हणाला, एखाद्या संस्थेला देऊन टाकू. बाबा काही बोलले नाहीत. फक्त कपाटाची किल्ली खिशात ठेवू लागले. वर्षभर ती तिथेच होती. 'द्यायच्या नाहीत, पांघरायच्या आहेत,' असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली.

आता कामाचं. एक्केचाळीसपैकी सुती निघाल्या अकरा. बाकी सगळ्या पॉलिएस्टर नाहीतर मिश्र धाग्याच्या. पॉलिएस्टरची गोधडी करू नका. थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषला जात नाही आणि रात्री अंगावरून सरकून ती जमिनीवर जाते. आपल्या आज्यांची नऊवारी लुगडी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती होती, म्हणून त्या गोधड्या तशा व्हायच्या. ओळखायचं कसं? कडेचा एक धागा काढून जाळा. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची काळी गोळी होते.

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर. तिचे तीन समान तुकडे केले की एकेक सहा फुटांचा होतो, म्हणजे एका साडीत तीन थर. मी चार थरांवर जात नाही. सहा थरांची गोधडी जुलैत मुंबईच्या बाल्कनीत दोन दिवस वाळत नाही. थर जमिनीवर पसरायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, आधी मोठे टाके घालून टाचून घ्यायचं आणि मग कडेकडेने आत आत जात धावदोरा. प्रत्येक थर कुठे ना कुठे विरलेला असतोच, पण सगळे एकाच जागी विरलेले नसतात. टाक्यांमुळे एकाची कमजोर जागा दुसरा सांभाळतो. आम्ही सर्व्हरच्या बाबतीत हेच करतो आणि त्याला फार मोठं नाव देतो.

असं शिवणं आपलंच आहे असंही नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी यांतही तोच धावदोरा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंद शिवतात, तेव्हा चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची 'फुला' लावतात. तिच्याशिवाय कवंद उघडं दिसतं, असं त्या मानतात. मीही ती लावायला लागले.

कात्री लावायच्या दिवशी बाबा समोर बसले होते. साडीवर कात्री चालवायला हात धजत नव्हता. ते म्हणाले, "ही 1986 ची, बोनसची. काप." मग प्रत्येक साडीचं त्यांनी साल सांगितलं, आणि मी ते पेन्सिलने काठाच्या आत लिहून ठेवलं. त्या दिवसापासून सुया ओवायचं काम त्यांच्याकडे आहे. वय अठ्ठ्याहत्तर, हातात भिंग, पण सकाळी मी ऑफिसला निघण्याआधी बारा सुया ओवून उशीत टोचलेल्या असतात.

उरलेल्या तीस साड्यांच्या पिशव्या केल्या. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि त्याच साली आपल्या मुलुंडचं डंपिंग ग्राउंडही बंद झालं. तो वास इथे कुणी विसरलं नसेल. पिशवी दुपदरी शिवा आणि बंद वरच्या काठाला नुसता जोडू नका. चार बोटं आत नेऊन चौकोनात फुलीची शिवण घाला. पाच किलो कांदे-बटाटे घेऊन स्टेशनचा जिना चढता आला तर पिशवी उपयोगाची, नाहीतर ती कार्यानुभवाची. पट्ट्यांची वेणी घालून पायपुसणीही केली, पण ती मोरीजवळ ठेवू नका, पाणी टिपत नाहीत. दाराबाहेर चिखलासाठी ठीक.

दोन गोधड्या पूर्ण झाल्या आहेत. एक बाबांकडे, एक भावाकडे बोरिवलीला. तिसरी अर्धी आहे. रविवारी दुपारी आम्ही चौघीजणी माझ्या हॉलमध्ये जमिनीवर बसून शिवतो. ज्यांना यायचं असेल त्यांनी या, घरातले जुने कपडेही आणा. फक्त निघण्याआधी एक धागा जाळून बघा.