देश सोडणारे पाऊल आणि देश घडविणारे हात



लग्नात नववधूचे नवे नाव तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिण्याची रीत आपल्या अनेक घरांतून आजही पाळली जाते. नाव बदलते, घर बदलते. पण माहेर तुटत नाही. दिवाळी आली की मुलीचे मन त्या जुन्या उंबऱ्याकडे धाव घेतेच. परंतु सासरी जाताना माहेराशी असलेला धागा स्वतःच्या हाताने, कायद्याच्या कागदावर सही करून तोडावा लागला तर? आजच्या विषयाच्या केंद्रस्थानी असलेल्या जपानी मुलीपुढे हाच प्रश्न उभा होता. तिचे नाव युको कावागुची. जग तिला युको कावागुती म्हणून ओळखते. या एका अक्षराच्या फरकात तिची सारी कथा सामावलेली आहे.

युकोचा जन्म १९८१ सालचा, टोकियोजवळच्या चिबा प्रांतातला. १९९८ मध्ये जपानच्या नागानो शहरात हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. फिगर स्केटिंगच्या जोडी-प्रकारात रशियाच्या येलेना बेरेझ्नाया आणि अँटन सिखारुलिद्झे यांनी तेथे रौप्यपदक मिळविले. त्यांचे ते बर्फावरचे विहरणे पाहून या मुलीने निश्चय केला की, शिकायचे ते हेच आणि शिकायचे ते यांच्याच गुरूकडे. त्या गुरू म्हणजे लेनिनग्राडच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, तमारा मॉस्क्विना.

जोडी-प्रकार म्हणजे दोघांनी मिळून केलेला नाच नव्हे. पुरुष खेळाडू आपल्या जोडीदारणीला डोक्यावर एका हाताने तोलतो, वेगात असताना हवेत भिरकावतो. आणि ती तीन-तीन, क्वचित चार फेऱ्या घेऊन पोलादाच्या एका अरुंद पात्यावर, एका पायावर उतरते. येथे तोल गेला तर खाली कठीण बर्फ असतो. म्हणून या प्रकारात प्रथम हवा असतो तो विश्वासाचा, बलवान जोडीदार. जपानमध्ये त्या काळी एकेरीत नामांकित मुली होत्या. परंतु जोडी-प्रकारात उतरणारे तरुण जवळजवळ नव्हतेच. युकोने अलेक्झांडर मार्कुन्त्सोव्ह या रशियन तरुणाबरोबर जपानच्या ध्वजाखाली खेळण्यास प्रारंभ केला आणि २००१ च्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत जपानला रौप्यपदक मिळवून दिले. पुढे ती जोडी फुटली. काही काळ ती एका अमेरिकन जोडीदाराबरोबर खेळली. अखेर २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये मॉस्क्विना यांनी तिची अलेक्झांडर स्मिर्नोव्ह याच्याशी जोडी जमविली आणि ती जमली ती कायमची.

आता कायद्याचा पेच पाहा. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या जागतिक आणि युरोपीय स्पर्धांत जोडीपैकी एकजण त्या देशाचा नागरिक असला तरी चालते. त्यामुळे जपानी पासपोर्ट बाळगूनही युको रशियासाठी खेळू शकली आणि २००८ मध्ये युरोपीय स्पर्धेचे कांस्यपदकही तिने मिळविले. ऑलिंपिकचा नियम मात्र वेगळा आहे. तेथे दोघेही त्याच देशाचे नागरिक असावे लागतात. इकडे जपानचा नागरिकत्व कायदा सांगतो की, जो स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेईल त्याचे जपानी नागरिकत्व संपेल. ऑलिंपिक हवे असेल तर जपान सोडा आणि जपान हवा असेल तर ऑलिंपिक विसरा, इतकी स्वच्छ आणि इतकी निष्ठुर ती निवड होती.

व्हँकूव्हर ऑलिंपिकपूर्वी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास, तिने रशियन नागरिकत्व स्वीकारले. रशियन लिपीत जपानी नावे लिहिण्याच्या रूढ पद्धतीत ‘ची’ या अक्षराचे ‘ती’ होते. त्यामुळे नव्या पासपोर्टवर ती कावागुचीची कावागुती झाली. तांदळाच्या ताटाऐवजी शासकीय शिक्क्याने तिचे नवे नाव लिहिले गेले.

येथे क्षणभर थांबून आपण आपल्या मनाला विचारले पाहिजे की, या मुलीला काय म्हणायचे? देश सोडणारी? पदकासाठी मातृभूमी विकणारी? असे शब्द आपल्या ओठांवर चटकन येतात. पण निर्णय देण्यापूर्वी इतिहासाचे आणखी दोन दाखले तपासू.

पहिला दाखला रशियाचा. जोडी-प्रकारात १९६४ ते २००६ अशी सलग बारा ऑलिंपिक सुवर्णपदके सोव्हिएत संघाने आणि पुढे त्याच्या वारसांनी जिंकली. ही परंपरा सुरू करणारे ल्युदमिला बेलोउसोव्हा आणि ओलेग प्रोतोपोपोव्ह हे दांपत्य १९७९ मध्ये देश सोडून स्वित्झर्लंडला गेले आणि पुढे तेथील नागरिक झाले. ज्यांनी परंपरेचा पाया घातला तेच देश सोडून गेले; आणि ती परंपरा राखण्यासाठी २०१० मध्ये बर्फावर उतरली ती जपानची कन्या. व्हँकूव्हरमध्ये पहिल्या फेरीनंतर युको आणि स्मिर्नोव्ह तिसऱ्या स्थानी होते. दुसऱ्या फेरीत चुका झाल्या आणि ती जोडी चौथ्या क्रमांकावर घसरली. १९६० नंतर प्रथमच रशियाच्या वाट्याला या प्रकारात एकही पदक आले नाही. ज्या एका पदकासाठी माहेर सोडले, ते हातातून निसटले.

दुसरा दाखला आपला. आयर्लंडमध्ये जन्मलेली मार्गारेट नोबल १८९८ मध्ये भारतात आली. स्वामी विवेकानंदांनी तिला ‘निवेदिता’ हे नवे नाव दिले आणि आपण तिला ‘भगिनी’ म्हणून आपल्या घरात घेतले. तिने जन्मभूमी सोडली म्हणून तिला कोणी बोल लावला नाही. उलट तिचे समर्पण आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो. मग आपल्याकडे येणारा तो समर्पित आणि आपल्याकडून जाणारा तो कृतघ्न, असा न्याय कोठला? कसोटी एकच असली पाहिजे. ज्या मातीला आपले म्हटले, तिच्यासाठी त्या माणसाने काय आणि किती दिले, ही ती कसोटी.

या कसोटीवर युको कावागुती खरी उतरली. व्हँकूव्हरनंतर ती निघून गेली नाही. खांद्याच्या दुखापती सोसत ती खेळत राहिली. पुढचे ऑलिंपिक २०१४ मध्ये रशियातच, सोची येथे होते. त्याच्या काही महिने आधी स्मिर्नोव्हच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि सोचीचे दार बंद झाले. युको बत्तिशीत पोहोचली होती. या खेळात त्या वयाला निवृत्तीचे वय मानतात. परत फिरायचे म्हटले तर जुने घर कायद्याने उरले नव्हते आणि नव्या घरात तरुण जोड्या पुढे सरसावल्या होत्या. तरीही दोघांनी पुनरागमन केले. जानेवारी २०१५ मध्ये स्टॉकहोम येथे, २०१० च्या पहिल्या विजेतेपदानंतर पाच वर्षांनी, ही जोडी पुन्हा युरोपची विजेती ठरली. युको तेव्हा तेहतीस वर्षांची होती. २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ऑलिंपिक पदक तिला मिळाले नाही ते नाहीच. पण शब्द दिलेल्या घराकडे तिने पाठ फिरविली नाही.

बंधु-भगिनींनो, ही कथा येथे संपली असती तर ती एका मुलीच्या जिद्दीची कथा ठरली असती. तिचा खरा बोध जपानमध्ये आहे. २०१२ च्या जागतिक स्पर्धेत नारुमी ताकाहाशी आणि मर्विन ट्रॅन यांनी जपानला जोडी-प्रकारातील पहिले जागतिक पदक, कांस्यपदक, मिळवून दिले. पण ट्रॅन हा कॅनडाचा नागरिक. सोचीसाठी त्याला जपानी व्हावे लागले असते. तोच नियम, तोच पेच, फक्त बाजू उलटी. ते घडले नाही आणि ती जोडी फुटली. उसन्या जोडीदाराचा मार्ग ऑलिंपिकच्या दारापर्यंतच जातो, हे पुन्हा एकदा दिसले.

मग एकेरीत खेळणारा र्‍युइची किहारा हा जपानी तरुण २०१३ मध्ये जोडी-प्रकाराकडे वळला. ताकाहाशीबरोबर तो सोचीत उतरला, तेव्हा यश दूर होते. जोडीदार बदलल्या, वर्षे गेली. २०१९ पासून रिकु मिउरा ही त्याची जोडीदार झाली आणि २०२३ मध्ये जपानमधील सैतामा येथे, आपल्या माणसांपुढे, ही जोडी जगज्जेती झाली. २०२५ मध्ये बॉस्टन येथे त्यांनी ते पद पुन्हा मिळविले. त्यांचा सराव कॅनडात झाला, प्रशिक्षकही तेथलेच. परदेशी जाऊन विद्या घेण्यात कमीपणा नसतो. महत्त्वाचे हे की, ज्या वाटेवर युकोला घर सोडावे लागले, त्याच वाटेवर मिउराला ते सोडावे लागले नाही. कारण तिच्या शेजारी उभा राहणारा हात जपानी होता.

आपला कायदाही जपानसारखाच आहे. राज्यघटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाहीत. २००८ पासून भारताच्या वतीने खेळण्यास भारतीय पासपोर्ट आवश्यक ठरला आहे. परदेशात वाढणाऱ्या भारतीय, मराठी घरांतील मुलांपुढे हाच दोरखंड ताणलेला असतो. तरीही अमेरिकेत वाढलेली तारा प्रसाद ही फिगर स्केटिंगपटू भारतीय नागरिकत्व घेऊन आपल्या तिरंग्याखाली खेळते. तिचे कौतुक करताना आपण तिच्यासाठी काय उभे केले, हेही विचारले पाहिजे. शिमल्याला निसर्गाच्या कृपेने गोठणारे मैदान आहे. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाचे मैदान बांधले गेले, पण स्पर्धा आटोपल्यावर ते वर्षानुवर्षे बंद राहिले आणि २०२५ मध्ये पुन्हा जागे झाले. मैदान बांधणे हा समारंभ असतो. ते रोज पहाटे उघडे ठेवणे ही साधना असते.

म्हणून देश सोडून गेलेल्या मुलीची निंदा करण्यात शक्ती दवडू नये. गेलेल्या पावलाचा माग काढीत मागे यावे आणि ते ज्या अंगणातून निघाले, तेथे काय उणे होते ते पाहावे. त्या अंगणात गुरू होता का? जोडीदार होता का? उभे राहायला जागा होती का? ते उणे भरून काढणारे हात वाढले की, पुढच्या मुलीला नाव बदलावे लागत नाही. आणि तरीही एखादी गेलीच, तर दिवाळीच्या दिवशी उंबऱ्यावरचा दिवा तिच्यासाठीही लागलेला असावा.