इतिश्री

एखादें कंटाळवाणें काम आटोपलें कीं, ‘झाली एकदांची इतिश्री!’ असा उद्गार मराठी घरांत सहज निघतो. बोलणाऱ्याच्या मनांत त्या वेळीं पोथी नसते. परंतु शब्द आला तो पोथींतूनच, आणि येतांना अर्धा तुटून आला.

संस्कृतांत ‘इति’ हें अव्यय आहे. दुसऱ्याचें बोलणें जेथें संपतें तेथें तें येतें, आणि मजकूर जेथें पुरा होतो तेथेंही येतें. आज अवतरणचिन्हें जें काम करतात तें पूर्वीं या दोन अक्षरांवर होतें. ‘इत्यादि’ शब्दांत तेंच आहे. ‘असें खरोखर घडलें’ अशा अर्थाच्या ‘इति ह आस’ या तीन पदांचा ‘इतिहास’ झाला, त्यांतही तेंच. हस्तलिखित पोथींत अध्याय संपला कीं प्रथम ‘इति श्री’, मग ग्रंथाचें नांव, मग अध्यायाचें नांव किंवा अंक, आणि शेवटीं ‘समाप्त’ अथवा ‘संपूर्ण’ असें लिहीत. घरांत जुनी पोथी असेल त्या श्रोत्यानें ती उघडून पाहावी. तेथील ‘श्री’चें नातें ‘इति’शीं नाहीं, पुढें येणाऱ्या ग्रंथनामाशीं आहे. नुसतें ‘इतिश्री’ म्हणणें म्हणजे पाकिटावर ‘राजमान्य राजश्री’ एवढेंच लिहून नांव गाळण्यासारखें होय!

नांव गळलें कसें? बहुधा ऐकणाऱ्यांच्या कानांमुळें. चातुर्मासांत देवळांत पुराण चाले. पुराणिकबोवांनीं ‘इति श्री’ असा सूर लावला कीं हात जोडले जात. पुढचा लांबलचक समास ऐकतो कोण? पेंगणारें पोरही तेवढ्यानें जागें होई, कारण आतां आरती आणि प्रसाद. कानांनीं जेवढें धरलें तेवढ्याचाच शब्द बनला.

शेवट नीट राखण्याची कसोशी जुन्या दफ्तरांतही दिसते. शिवाजीमहाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ असा लहान शिक्का असे. पेशवाईंत ‘लेखनसीमा’ असा आढळतो. यालाच मोर्तब म्हणत. मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं अक्षर घुसडूं नये, हा त्याचा हेतु. पोथी उतरणाराही पुष्कळदां शेवटीं शक, तिथि, गांव आणि आपलें नांव लिही, आणि चुकांबद्दल वाचकांची क्षमा मागे. शेवटचें अक्षर उतरल्याखेरीज ‘इति’ लिहिण्याचा अधिकार त्याला नव्हता.

आज वर्तमानपत्रांत हा शब्द भेटतो तो निराळ्याच वेषांत. सभा भरली, ठराव झाला, आणि ‘संबंधितांनीं कर्तव्याची इतिश्री मानली’! काम संपलें नाहीं, करणाऱ्यानें तें संपलें असें ठरविलें, हा येथें अर्थ. शब्दाचें हें पतन म्हणावें काय? तसें म्हणण्याचें कारण नाहीं. ग्रंथाचें नांव गाळून उरलेला शब्द काम गाळून केलेल्या शेवटाला लागावा, यांत एक प्रकारचा न्यायच आहे. खटकतें तें दुसरें. मृत्युलेखांत कोणी ‘त्यांच्या जीवनाची इतिश्री झाली’ असें लिहितो. लिहिणाऱ्याचा हेतु आदराचा असतो, पण शब्दाला आतां उपरोधाचा वास लागलेला आहे, आणि दुःखांत असलेल्या घरीं तो जाऊं नये. तेथें ‘निधन’ हा साधा शब्द पुरे.

जें मनापासून केलें त्याच्या शेवटाला मराठीनें वेगळे शब्द राखले आहेत. सप्ताहाचा काला होतो, मैफल भैरवीनें संपते, दिवा मालवतात, व्रताचें उद्यापन करतात. सोळा सोमवारांपैकीं सातव्यालाच जिनें उपास सोडला, तिनें मात्र व्रताची इतिश्री केली असें खुशाल म्हणावें.